कोरा नव्हता तो कॅनव्हास

हेमा, तुझ्या घरमालकीण जानकीबाईंनी तुझ्याजवळ चहाचा कप ठेवला आणि त्या गोठ्याकडे गेल्या. तू नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून समोरच्या कॅनव्हासकडे बघत बसली होतीस. तुझी ही सवय त्यांना माहीत होती. एकदा बसलीस की अर्धी सकाळ तशीच जायची, आणि मधे कोणी हाक मारली तर तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. परत आल्या तेव्हा चहावर साय धरली होती. कप उचलायला त्या वाकल्या, तुझ्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं, आणि कप तिथेच सांडला.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "बाय, तुमची बाय बोलत नाय."

मी डहाणूच्या बाजारात बोंबील घेत होते. मी त्यांना म्हटलं, ती कामात असेल, तिला हाक मारू नका. खरंच असं म्हटलं मी. मग पलीकडून रडणं ऐकू आलं. मासेवाली पिशवी पुढे धरून उभी होती आणि मी तिलाच विचारत होते, बोलत नाही म्हणजे काय? तिने पिशवी खाली ठेवली आणि मला हाताला धरून तिच्या पाटावर बसवलं. आजूबाजूला लोक भाव करत होते. एक बाई माझ्या पायांवरून हात लांबवून सुरमई चाचपत होती. एवढंच आठवतं. तलासरीला तुझ्या खोलीपर्यंत कशी गेले, कोणाच्या गाडीतून गेले, ते आठवत नाही.

तू बसलेलीच होतीस. जानकीबाईंनी तुला हलवलं नव्हतं. डॉक्टर येऊन गेले होते, हृदय थांबलं म्हणाले, फार वेळ झाला असावा म्हणाले. तुझ्या उजव्या हाताच्या बोटांना पांढरा रंग होता, मांडीवर रंग पुसायची ती जुन्या सुती साडीची चिंधी. डोळे जानकीबाईंनी मिटले होते. तरी मला वाटत राहिलं की तू आता मान वळवशील आणि म्हणशील, नले, उजेडात उभी राहू नकोस, बाजूला हो. मी बाजूला झालेही, हेमा. खोलीत डॉक्टर होते, जानकीबाई होत्या, त्यांचे यजमान होते, आणि मी तुझ्या आणि चित्राच्या मधून बाजूला झाले.

आदल्या संध्याकाळी फोनवर आपण भांडलो होतो. भांडण तरी कसलं, नेहमीचंच. समोरचं ते मोठं चित्र पूर्ण झालं आहे असं मी म्हणत होते, आणि तू म्हणत होतीस, अजून नाही. मी म्हटलं, तुझं कधीच होत नाही, कोणीतरी हातातून काढून घेईपर्यंत तू पुसतच राहतेस. तू म्हणालीस, रविवारी ये, समोर बसून भांडू. म्हणून फोन ठेवला. ते भांडण आता कुठे ठेवू मी?

लोक मला भेटायला येतात आणि तुझ्याबद्दल बोलतात, आणि मला वाटतं ही माणसं कोणा दुसऱ्याच बाईविषयी बोलताहेत. कोणी म्हणतं, मोठ्या कलाकार होत्या. कोणी म्हणतं, फार शांत होत्या. तू शांत? शाळेच्या स्टाफरूममध्ये तुझा आवाज मैदानापर्यंत जायचा. मी मराठी शिकवायची, तू चित्रकला, आणि आपली कपाटं शेजारी होती एवढ्या कारणावरून आपली मैत्री झाली. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या कपाटात तुझी जवसाच्या तेलाची बाटली ठेवलीस, ती गळली, आणि तपासायच्या निबंधाच्या वह्या तेलकट झाल्या. मी चिडले. तू त्यातला एक कागद खिडकीत उजेडासमोर धरलास आणि म्हणालीस, बघ, आता मागच्या पानावरची अक्षरंही दिसतात, किती छान दिसतंय. त्या दिवशी मला वाटलं, ही बाई एकतर वेडी आहे किंवा उद्धट.

तुला सगळं काढता यायचं, हे लोकांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, हिला येत नाही म्हणून ही पांढऱ्यावर पांढरं फासते. मुख्याध्यापक निवृत्त झाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत तू फळ्यावर खडूने त्यांचा चेहरा काढलास. चष्म्याच्या मागचे थकलेले डोळे, नाकाच्या शेंड्यावरचा तो तीळ, सगळं. ते स्वतः दारात येऊन बघत थांबले. पुढचा तास भूगोलाचा होता. घंटा झाली तशी तू डस्टर घेतलंस आणि पुसून टाकलंस. मी तुला म्हटलं, अगं, निदान फोटो काढू द्यायचास. तू म्हणालीस, "त्यांनी बघितलं ना? मग झालं."

धाकट्या डहाणूत खाडीच्या तोंडाशी तुमचं घर. वडिलांची होडी होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी होडी वाळूवर ओढून रंगवायची, आणि ते काम तुझं आणि रमेशचं. रमेश तुझ्या पाठचा, तुझ्यापेक्षा बराच लहान. तू पट्टे मारायचीस, तो नाव लिहायचा. त्याचं अक्षर तेव्हापासून सुरेख. पुढे तो वडिलांच्या होडीवर गेला आणि तू मुंबईला चित्रं शिकायला गेलीस, पण आजही बंदरातल्या निम्म्या होड्यांवरची नावं त्याच्या हातची आहेत. निळ्या ऑइलपेंटने लिहिलेली, पिवळी सावली दिलेली, सुरुवातीच्या अक्षराला वेलांटी असेल तर तिला लाटेसारखं वळण. तुला ते आवडायचं. तू त्याला कधी सांगितलंस की नाही, मला माहीत नाही. मला मात्र सांगितलं होतंस, की आमच्या घरात खरा हात रमेशचा आहे.

मुंबईहून तू परत आलीस तेव्हा तुझ्या चित्रांतून एकेक गोष्ट निघून जायला लागली होती. आधी माणसं गेली, मग होड्या, मग झाडं. शेवटी पाणी आणि आकाश उरलं, आणि मग त्यांच्यामधली रेघसुद्धा तू पुसायला लागलीस. पातळ रंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, चिंधीने घासून काढायचा, पुन्हा द्यायचा. एका चित्राला वर्षही जायचं. वापीच्या ज्या दुकानातून तू पांढरा रंग, सफेदा आणायचीस तिथला शेठ तुला विचारायचा, "आटलो बधो सफेदो? बेन, घर रंगावो छो?" तू म्हणायचीस, हो, घरच रंगवतेय. मग त्याने एकदा विचारलं, घर आहे तरी केवढं? हे मला सांगताना तू इतकी हसलीस की रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

मुंबईच्या लोकांचा एक प्रश्न मात्र तुला हसण्यावारी नेता यायचा नाही. डहाणूची चित्रकार म्हटलं की ते विचारायचे, मग तुम्ही वारली का नाही काढत? तू राहत होतीस जानकीबाईंच्या आवारातल्या खोलीत. लग्नसराईत त्यांच्या भिंतीवर वारली चित्रांचा चौक लिहिला जायचा तेव्हा तू ओट्यावर बसून बघत राहायचीस, त्यांच्याबरोबर जेवायचीस, पण हातात रंगाची काडी कधी घेतली नाहीस. एका प्रदर्शनात एका बाईने फारच आग्रह धरला, तेव्हा तू तिला म्हणालीस, ते त्यांचं बोलणं आहे, मला माझं बोलायला मीच शोधलं पाहिजे ना. ती बाई तुझ्या पांढऱ्या चित्राकडे बघून म्हणाली, पण तुम्ही तर काहीच बोलत नाही. मला वाटलं, तुला राग आला आहे. घरी येताना म्हणालीस, तिचं बरोबर असेल तर काय करायचं गं? तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं.

समुद्रकाठचं घर सोडून तू तलासरीला जाऊन का राहिलीस, हे रमेशला कधी पटलं नाही. तू म्हणायचीस, समुद्र समोर असला की मी त्याची नक्कल करते. तिथे चारी बाजूंना भात आणि गवत, हायवेवरच्या ट्रकांचा लांबून येणारा आवाज, आणि तुझ्या खोलीत मात्र सगळा समुद्र. रमेशला वाटायचं, ताई आमच्यापासून लांब गेली. भाऊबीजेला तू यायचीस, तो तुझ्यासाठी घोळ मासा राखून ठेवायचा, आणि जेवण झालं की तुमचं जुंपायचं. तो म्हणायचा, "ताई, एवढी शिकलीस, एक होडी काढून दे ना घरात लावायला." तू म्हणायचीस, होडी तुझ्याकडे आहे की, दाराबाहेर. आणि तो मान फिरवायचा.

मग वाढवणला मोठं बंदर बांधायचा विषय निघाला. किनाऱ्यावरची सगळी गावं त्याविरुद्ध मोर्च्याला निघाली तेव्हा रमेश तुझ्याकडे मुद्दाम तलासरीला आला. त्याने कधी काही मागितलं नव्हतं. म्हणाला, एक मोठं कापड रंगवून दे, होडी, जाळं, मासे, वर उचललेले हात, लांबून दिसलं पाहिजे. तू हो म्हणालीस. मोर्च्याच्या सकाळी तू कापड आणलंस आणि बायकांनी ते दोन्ही बाजूंनी धरून उलगडलं. लांबच लांब राखाडी निळं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच रेघ. बाकी काही नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी विचारलं, लिहायचं राहिलं का? मी रमेशजवळच उभी होते. तो तुला म्हणाला, "आमच्या पोटाचा प्रश्न आहे आणि तू कोरं कापड आणलंस."

"कोरं नाही," तू म्हणालीस. "बंदर झालं तर तुझ्या दारातून ही रेघ अशी सरळ दिसणार नाही. तेच काढलंय."

त्याने ते कापड धरलं. तुझं आहे म्हणून धरलं, आणि सगळा रस्ता धरून चालला. पण नंतर कित्येक महिने तो तुझ्याशी बोलला नाही. मी मध्ये पडून बघितलं, दोघंही हलेनात. तू म्हणायचीस, मी खोटं काढू का? तो म्हणायचा, तिला आमची लाज वाटते. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात तुम्ही बोलायला लागलात, पण त्या कापडाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मला तुझी चित्रं कळायची असं मी म्हणणार नाही. मी शब्दांची बाई. तू नावं द्यायची नाहीस, म्हणून मी मनातल्या मनात द्यायची. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, आणि ती राहिली याचा मला फार त्रास होतो आहे.

आमचे हे गेले तेव्हाची. रेल्वेत बुकिंगला होते, ड्यूटीवरून आले, आंघोळीला गेले आणि बाहेर आलेच नाहीत. त्यानंतर तू रोज दुपारी यायचीस. भाजी निवडायचीस नाहीतर नुसती बसायचीस. एका दुपारी तू एक चित्र घेऊन आलीस, मला न विचारता माझ्या पलंगासमोरच्या भिंतीत खिळा ठोकलास आणि ते लावून निघून गेलीस. पांढरंच. खालच्या अंगाला किंचित राखी, इतकं किंचित की आमच्या नणंदबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, इथलं कॅलेंडर काढलंत वाटतं, भिंतीला डाग राहिलाय. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू खूश झालीस. पण मी पुढचं सांगितलं नाही. मला तेव्हा झोप लागायची नाही, डोळे मिटले की बाथरूमचं दार दिसायचं. मी डोळे उघडे ठेवून त्या चित्राकडे बघत पडून राहायची, कारण त्या खोलीत तेवढी एकच वस्तू अशी होती जिला त्यांचा हात लागलेला नव्हता, आणि जी माझ्याकडून काहीही मागत नव्हती. एका पहाटे मला त्या राखी भागात उजेड चढताना दिसला. चित्रात काही बदललं नव्हतं, खिडकीतूनच उजेड आला असेल. पण मी उठले आणि चहा केला, स्वतःसाठी, पहिल्यांदा. हे मी तुला सांगायला हवं होतं. त्या बाईच्या बोलण्यावर तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, हेमा, आणि मी ते रविवारी सांगेन, पुढच्या रविवारी सांगेन, असं करत राहिले.

आता जे घडलं ते सांगते. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुला अग्नी रमेशने दिला, खाडीजवळच्या स्मशानात. नंतर तो टेम्पो घेऊन तलासरीला गेला आणि तुझं सामान घेऊन आला. स्टँड, डबे, ब्रश, चिंध्यांचं गाठोडं, कॅनव्हास. शाळेने तुझी शोकसभा ठेवली होती, जुने विद्यार्थी येणार होते, आणि तुझं प्रदर्शन ठरवलेल्या मुंबईच्या गॅलरीच्या बाईही येणार होत्या. दारात फलक लागेल, तो मी करतो, असं रमेश म्हणाला. सगळ्यांना ते योग्यच वाटलं.

मी सभेला जरा लवकर गेले. हॉलच्या दारात, झेंडूच्या माळांमध्ये, तो फलक उभा होता. रमेशने आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात सुंदर अक्षर असेल ते. निळ्या रंगात, पिवळ्या सावलीसह, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली तुझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. उजव्या कोपऱ्यात एक लहानशी होडी. वडिलांची होडी, तिचा पुढच्या टोकाचा वाकलेला नाळसुद्धा तसाच. मी जवळ गेले. अक्षरांच्या मागचा पांढरा मी ओळखला. खालच्या बाजूचा तो गार पांढरा आणि वरचा कोमट. तुझं शेवटचं चित्र होतं ते. ज्याच्यावरून आपण भांडलो होतो, ज्याच्यासमोर तू बसून गेलीस, तेच.

आणि मी काय केलं असेल? पर्समधून फोन काढला आणि तुझं नाव शोधलं. हेमाला सांगितलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. नाव सापडलं, बोट त्याच्यावर गेलं, आणि तेव्हा मला कळलं. बाजारात नाही, तलासरीला नाही, स्मशानात नाही. तिथे, त्या दारात, मला पहिल्यांदा कळलं की तू मेली आहेस.

मी ठरवलं, रमेशला सांगायचं नाही. कोणालाही नाही. पण गॅलरीच्या बाई आल्या. त्यांच्याकडे त्या चित्राचा फोटो होता, तूच पाठवलेला. त्या फलकासमोर थांबल्या, त्यांनी तोंडावर हात धरला आणि मला हळूच विचारलं, हे कोणी केलं? रमेश मागेच उभा होता, हातात हारांची पिशवी घेऊन.

"कोरा नव्हता तो?" त्याने विचारलं.

बाईंनी तो फोटो त्याच्यासमोर धरला. तेच उत्तर झालं. त्याने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, त्याला वाटलं ताईने नवीन आणून ठेवलेला आहे, वापरायचा राहिलेला. तिच्याच सामानातल्या वस्तूवर तिचं नाव लिहावं असं त्याच्या मनात आलं. विकतचा बोर्ड आणायचा नव्हता. हे सगळं तो गॅलरीच्या बाईंना सांगत होता, पुन्हा पुन्हा, आणि त्या बिचाऱ्या मान हलवत होत्या. सभेत लोक तुझ्याबद्दल बोलले, कोणी रडलं, कोणी तुझी नक्कल केली. रमेश शेवटपर्यंत मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पुढे येऊन बसला नाही.

लोक गेल्यावर तो टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन आला. मी त्याचं मनगट धरलं. गॅलरीच्या बाईंनी समजावून सांगितलं, की तुझा रंग अजून आतून ओला आहे आणि त्यावर ऑइलपेंट बसला आहे. वरचा काढायला गेलं तर खालचाही निघेल. मुंबईत चित्रं दुरुस्त करणारे आहेत, त्यांना विचारता येईल, पण खात्री कोणी देणार नाही. रमेशने फडकं खिशात घातलं. चित्र उचललं, टेम्पोत ठेवलं आणि घरी घेऊन गेला. झेंडूच्या माळा तशाच होत्या त्याच्यावर.

दोन-चार दिवस गेले आणि त्याच्या बायकोचा फोन आला. म्हणाली, नलूताई, येऊन जा, हे धड जेवत नाहीत, होडीवर जात नाहीत, त्या चित्रासमोरच बसून असतात.

मी गेले. दुपारची वेळ होती, दारात सुकट वाळत होती. त्याने चित्र पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि समोर जमिनीवर बसला होता, भिंतीला पाठ लावून. तू बसायचीस तसा. हे त्याला माहीत नसणार, तो तुझ्या खोलीत कधी एवढा वेळ थांबलाच नव्हता. मी शेजारी बसले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, इतके दिवस बघतोय, पण त्याला काही दिसत नाही. स्वतःचं अक्षर दिसतं आणि होडी दिसते. मागे काय होतं ते मी सांगावं.

मी मराठी शिकवण्यात जन्म घालवला आणि त्या घटकेला मला एक वाक्य धड सुचेना. तरी सांगितलं. म्हटलं, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही काही दिसलं नव्हतं. तिने बसायला सांगितलं म्हणून बसले. मग हळूहळू खालचा भाग गार वाटायला लागला आणि वरचा जरा उबदार. दोन्ही पांढरेच. आणि ते जिथे मिळतात तिथे तिने रेघ काढलेली नव्हती, तरी नजर तिथे जाऊन अडत होती. मला वाटलं, खूप लांबवर काहीतरी आहे आणि ते येतंय की जातंय ते समजत नाही. मी तिला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, मलाही समजत नाही, म्हणून तर अजून झालं नाही म्हणते.

रमेश ऐकत होता. मी सांगत होते तिथे तिथे त्याची नजर जात होती, अक्षरांच्या फटींतून. मग मान हलवून म्हणाला, नाही दिसत. खोटं कशाला बोलू.

मी त्याला हेही सांगितलं, की ती म्हणायची, घरातला खरा हात रमेशचा. तो माझ्याकडे वळला. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं, तुझ्या शब्दांत, जसंच्या तसं. मी म्हटलं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. नखांच्या कडेला निळा रंग अजून होता.

मग त्याने विचारलं, "ती असती तर काय म्हणाली असती?"

त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं माझ्या मनात आलं होतं. तिला आवडलं असतं, तिने समजून घेतलं असतं, असं काहीतरी. पण तुझ्याबद्दल खोटं बोलणं मला जमेना.

"ओरडली असती," मी म्हटलं. "एवढं ओरडली असती की बंदरावर ऐकू गेलं असतं. तुझ्याशी वर्षभर बोलली नसती."

रमेश हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. त्याची बायको आतून बाहेर येऊन बघायला लागली. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तो एवढा मोठा माणूस लहान भावासारखा रडायला लागला.

"ओरडायला तरी यायचं होतं तिने," तो म्हणाला. "वर्षभर नसती बोलली तरी चाललं असतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. गॅलरीच्या बाईंना मी कळवलं आहे, की हे चित्र दुरुस्तीला पाठवायचं नाही, रमेशचं अक्षर त्याच्यावर तसंच राहील. ते पूर्ण झालं आहे असं मी म्हणत नाही, हेमा. त्या बाबतीत तूच बरोबर होतीस.